फासावरचा तिसरा माणूस

कोएन बंधूंच्या ‘ट्रू ग्रिट’ (२०१०) मध्ये सुरुवातीलाच फाशीचा एक प्रसंग आहे. आर्कान्सामधलं फोर्ट स्मिथ गाव, उघड्यावर उभारलेला फाशीचा चौथरा आणि समोर बघ्यांची जत्रा. तिघांना एकाच वेळी फासावर चढवायचं आहे. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाला शेवटचं बोलायची मुभा आहे. पहिला गोरा माणूस रडत रडत लांबलचक बोलतो. दुसरा गोरा माणूस थोडक्यात, कडवटपणे आपलं म्हणणं मांडतो. तिसरा मूळ अमेरिकी, म्हणजे ज्याला आपण सवयीने ‘रेड इंडियन’ म्हणतो तो. तो तोंड उघडतो, चार शब्द बाहेर पडतात, तोच जल्लाद त्याच्या डोक्यावर बुरखा चढवतो. खटका ओढला जातो आणि गोष्ट पुढे सरकते.

सगळा मामला काही सेकंदांचा. थिएटरात कुणी हसतं, कुणाच्या ध्यानातही येत नाही. हा चित्रपट चार्ल्स पोर्टिसच्या १९६८ च्या कादंबरीवर आहे, आणि कादंबरीत त्या माणसाला बोलू दिलेलं आहे. आपण तौबा केली आहे, आता मरायला तयार आहोत, असं तो सांगतो. कोएन बंधूंनी त्याची तौबाही काढून घेतली. मला वाटतं, बरोबर केलं. कादंबरीतला माणूस ख्रिस्ताचं नाव घेऊन, समोरच्या गर्दीला रुचेल असं बोलून मरतो. चित्रपटातल्या माणसाला काय म्हणायचं होतं ते आपल्याला कधीच कळणार नाही. मात्र ते कळू दिलं गेलं नाही, एवढं स्पष्ट कळतं.

वेस्टर्न चित्रपट हा माझा जुना शौक. वेस्टर्न म्हणजे पाश्चिमात्य नव्हे. घोडे, काउबॉय, शेरीफ, धुळीनं भरलेलं एकुलत्या एक रस्त्याचं गाव, त्या जातीचे चित्रपट. आपल्याकडे त्याची चव ‘शोले’नं लावली. पण अलीकडच्या तीस-पस्तीस वर्षांतले जे वेस्टर्न मला पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटतात, ते गोळीबारासाठी नाही. इतिहास कसा तयार होतो, कुणाचा तयार होतो आणि कुणाच्या डोक्यावर मध्येच बुरखा पडतो, हे त्यांत दिसतं म्हणून.

उर्दूत इतिहासाला ‘तारीख’ म्हणतात. मराठीत तारीख म्हणजे दिनांक, आणि कोर्टात पडते ती. अमेरिकेच्या पश्चिमेची तारीख या तिन्ही अर्थांनी पाहण्यासारखी आहे. १८९० च्या जनगणनेच्या अहवालात जाहीर झालं की आता ‘सरहद्दीची रेषा’ अशी उरलीच नाही. गोऱ्यांची वस्ती सगळीकडे पोचली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला साउथ डकोटातल्या वुंडेड नी इथं अमेरिकी फौजेनं लाकोटा जमातीच्या अडीचशेहून अधिक माणसांना, बायकामुलांसकट, मारून टाकलं. पुढे त्यातल्या काही सैनिकांना शौर्याचं सर्वोच्च पदकही मिळालं. तीन वर्षांनी, १८९३ मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या इतिहासकारांच्या सभेत फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी निबंध वाचला: अमेरिकी माणूस घडला तो या सरहद्दीवर. प्रदर्शनाच्या आवाराला लागूनच बफेलो बिल कोडीचा ‘वाइल्ड वेस्ट’ हा खेळ चालू होता. त्यात रोज इंडियन हल्ला करायचे आणि रोज हरायचे.

या खेळातली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. लाकोटांचा सरदार सिटिंग बुल १८८५ मध्ये काही महिने याच खेळात काम करून गेला होता. वुंडेड नीच्या दोन आठवडे आधी त्याला अटक करायला आलेल्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. आणि वुंडेड नीनंतर कैदेत टाकलेल्यांपैकी काही लाकोटांना सरकारनं कोडीच्या हवाली केलं. ते १८९१ मध्ये त्याच्यासोबत युरोपच्या दौऱ्यावर गेले. आपला पराभव, तिकीट काढून आलेल्यांसमोर, पगारावर करून दाखवायचा. सिनेमा अजून जन्मायचा होता, पण वेस्टर्नचा साचा तयार झाला होता.

हॉलिवुडनं तो साचा तसाच उचलला. जॉन फोर्डच्या ‘स्टेजकोच’मध्ये (१९३९) अपाची म्हणून दिसतात ते नावाहो. त्याच्याच ‘द सर्चर्स’मध्ये (१९५६) कोमान्चे म्हणून दिसतात तेही नावाहो, आणि त्यांचा सरदार झालाय जर्मनीत जन्मलेला गोरा नट. मराठी सिनेमात तमिळ बोलणारी फौज आणून ‘हे पंजाबी’ असं सांगावं, तसला प्रकार. फोर्ड मोठा दिग्दर्शक होता, ‘द सर्चर्स’ नायकाच्या द्वेषाकडे डोळे उघडे ठेवून पाहतोही. पण समोरच्या माणसाची भाषा कोणती, हा प्रश्न त्या काळात कुणाला पडला नव्हता.

तो प्रश्न मोठ्या प्रमाणावर पडला केविन कॉस्नरला. ‘डान्सेस विथ वुल्व्ज’ (१९९०) मध्ये लाकोटा माणसं लाकोटा बोलतात आणि खाली इंग्रजी ओळी येतात. चित्रपटाला सात ऑस्कर मिळाली. भाषा शिकवणाऱ्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच, मलाही वाटलं. पण लाकोटा कार्यकर्ते रसेल मीन्स यांनी त्यावर हसून सांगितलेली गोष्ट मला चित्रपटापेक्षा जास्त लक्षात राहिली. लाकोटात पुरुषांचं बोलणं आणि स्त्रियांचं बोलणं यांत काही फरक असतात. नटांना शिकवायला होत्या एक बाई. परिणामी पडद्यावरचे काही शूर योद्धे बायकांच्या धाटणीनं बोलत होते, आणि थिएटरात बसलेले लाकोटा पुरुष हसून बेजार झाले. मी माझ्या वर्गात आलेल्या एखाद्या साहेबाला ‘मी गेली होती’ असं भारदस्त आवाजात म्हणताना ऐकावं, तसं.

ही चूक क्षुल्लक आहे, माफ करता येते. मला खटकतं ते दुसरंच. त्या चित्रपटातले लाकोटा फार चांगले आहेत. शहाणे, प्रेमळ, निसर्गाशी एकरूप. वाईट काम करायला पॉनी नावाची दुसरी जमात आणून ठेवली आहे. आणि या चांगल्या लोकांचा चांगुलपणा आपल्याला कळतो तो एका गोऱ्या लेफ्टनंटच्या डायरीतून. आधी वाईट इंडियन होता, आता चांगला इंडियन आला. माणूस अजून यायचाच होता.

आपल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. ‘शोले’तले रहीमचाचा आठवा. रामगढमधला ठळक मुसलमान: म्हातारा, आंधळा, मशिदीचा इमाम, आणि ज्याचा एकुलता एक मुलगा मारला जातो असा. ए. के. हंगल यांनी ती भूमिका अशी केली की आजही गळा दाटतो. पण विचार करा, त्याला गावात शेत आहे का? कुणाशी भांडण आहे का? तो कुणाला उधार देतो, कुणावर चिडतो? काही नाही. तो फक्त चांगला आहे आणि त्याचं दुःख गावाच्या कामी येतं.

इतिहास हा माझा विषय नाही, मी उर्दू आणि मराठी शिकवतो. पण ऐतिहासिक चित्रपट लागला की पुढचे चार दिवस सगळ्याच शिक्षकांना इतिहास शिकवावा लागतो. सातवीतल्या एका मुलानं अशाच एका चित्रपटानंतर विचारलं होतं, “सर, यात आपण कुठल्या बाजूला होतो?” मी नेहमीची नावं सांगितली. शिवाजी महाराजांच्या आरमारातला दौलतखान. १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा आणि पकडला गेल्यावर मारला गेलेला इब्राहिमखान गारदी. नावं खरी आहेत, मुलांना कळलीच पाहिजेत, आणि ‘पानिपत’ (२०१९) मध्ये गारदी दिसला तेव्हा मुलं खूश झाली होती. तरी ही यादी पुरेशी नाही हे मला पडद्यावरच्या लाकोटांकडे पाहताना जास्त जाणवतं. यादीतला प्रत्येक माणूस कुणाच्या तरी बाजूनं निष्ठेनं लढला म्हणून यादीत आहे. जो लढला नाही, ज्यानं फक्त कापड विणलं, कर्ज काढलं, पोरीचं लग्न लावलं, त्याला बाजूच नाही, म्हणून इतिहासही नाही.

आता माझ्या सर्वांत आवडत्या वेस्टर्नकडे येतो. क्लिंट ईस्टवुडचा ‘अनफरगिव्हन’ (१९९२). यात मूळ अमेरिकींचा प्रश्न जवळजवळ नाहीच. तरीही इतिहासाच्या शिक्षकांनी वर्गात दाखवावा असा चित्रपट (मुलं थोडी मोठी असावीत) तो हाच.

गोष्ट साधी आहे. १८८० च्या सुमारास वायोमिंगमधल्या बिग व्हिस्की गावात एक काउबॉय एका वेश्येच्या चेहऱ्यावर सुरीनं वार करतो. शेरीफ लिटल बिल त्याला आणि त्याच्या साथीदाराला शिक्षा काय देतो? घोड्यांची भरपाई. तीही त्या बाईला नाही, दारूच्या गुत्त्याच्या मालकाला, कारण त्याच्या ‘मालाचं’ नुकसान झालं. मग त्या बायका आपापली साठवण काढून हजार डॉलरचं इनाम लावतात. डुकरं पाळणारा, बायको वारलेला, दारू सोडलेला जुना खुनी विल मनी ते इनाम मिळवायला निघतो.

आता लक्ष द्या ते बातमीकडे. त्या बाईचा चेहरा कापला गेला, हे आपण पाहिलेलं असतं. पण मनीला ही खबर देणारा पोरगा सांगतो तेव्हा तिचे डोळे गेलेले असतात, कान कापलेले असतात, आणखी बरंच काही झालेलं असतं. मनी ती आपल्या जुन्या दोस्ताला, नेडला, सांगतो तेव्हा तीच यादी पुढे जाते. कुणी मुद्दाम खोटं बोलत नाही. प्रत्येकाला निघायला कारण हवं असतं, आणि जखम मोठी झाली की निघणं सोपं होतं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं. आज पाहताना वाटतं, ईस्टवुडला भविष्य कळत होतं की काय.

आणि मग ते लेखकमहाशय, ब्यूशांप. अमेरिकेत त्या काळी दहा सेंटला मिळणाऱ्या बंदूकबाजांच्या कादंबऱ्या धडाधड खपत. आपले बाबुराव अर्नाळकर किंवा उर्दूतले इब्ने सफी वाचून मोठे झालेल्यांना तो बाज लगेच समजेल, फरक एवढाच की तिकडे नायकांची नावं खऱ्या माणसांची असत. ब्यूशांप इंग्लिश बॉब नावाच्या भाडोत्री मारेकऱ्याचा चरित्रकार म्हणून फिरत असतो. लिटल बिल बॉबला लाथांनी तुडवून तुरुंगात टाकतो आणि त्याच्या चरित्रातल्या एकेका प्रसंगाचा खरा किस्सा सांगतो: द्वंद्व वगैरे काही नव्हतं, समोरच्याचं पिस्तूल हातातच फुटलं होतं. लेखकाचे डोळे विस्फारतात. आता त्याला सत्य मिळालं असं आपल्याला वाटतं. पण तो करतो काय? बॉबला सोडून लिटल बिलच्या मागे वही घेऊन बसतो. आणि शेवटी लिटल बिल मरून पडल्यावर, प्रेतांच्या मध्ये उभा राहून, मनीला विचारू लागतो की आधी कुणाला मारलंत, कसं ठरवलंत. जिंकणारा बदलतो, वही तीच.

याच चित्रपटात नेडचं काम मॉर्गन फ्रीमननं केलं आहे. पकडला गेल्यावर त्याला चाबकानं मारतात आणि तो मरतो. तो काळा आहे याचा उल्लेख अख्ख्या चित्रपटात एकदाही येत नाही. कुणी याला ईस्टवुडचं औदार्य म्हणतात, कुणी चूक. मला वाटतं, गोऱ्या शेरीफच्या हातातला चाबूक दिसल्यावर उल्लेखाची गरज राहत नाही. लिटल बिल फावल्या वेळात स्वतःचं घर बांधत असतो, हेही विसरू नका. सुतारकाम इतकं वाईट की पाऊस आला की ठिकठिकाणी भांडी ठेवावी लागतात. कायदा आणि सुव्यवस्थेचं याहून नेमकं चित्र मी पाहिलेलं नाही.

केली रायकार्टच्या ‘मीक्स कटऑफ’बद्दल (२०१०) थोडंच लिहितो, कारण तो पाहायलाच हवा. १८४५ मध्ये ओरेगनकडे निघालेली तीन कुटुंबं, स्टीफन मीक नावाचा बढाईखोर वाटाड्या, आणि संपत आलेलं पाणी. वाटेत एक कायूस जमातीचा माणूस पकडला जातो. तो बोलतो, बरंच बोलतो, पण खाली भाषांतर येत नाही. त्या गोऱ्या बायकांना जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं. तो पाण्याकडे नेतोय की मरणाकडे? त्याला चांगला ठरवायची सोय दिग्दर्शिकेनं ठेवलेली नाही, वाईट ठरवायचीही नाही. कॉस्नरनं भाषांतर दिलं आणि माणूस सोपा करून टाकला. इथं भाषांतर नाही आणि माणूस पूर्ण आहे.

मुसलमान या पश्चिमेत होते का? होते. १८५५ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं सैन्यासाठी उंट आणायला तीस हजार डॉलर मंजूर केले. १८५६ मध्ये टेक्सासच्या इंडियानोला बंदरात उंटांचा पहिला तांडा उतरला, सोबत उस्मानी सल्तनतीच्या मुलखातले उंटवाले. त्यांतल्या एकाचं नाव हाजी अली. मुंबईकराला दर्गाच आठवेल. अमेरिकनांना ते नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याचं ‘हाय जॉली’ केलं. यादवी युद्धात उंटांची योजना बारगळली, पण हा माणूस तिथंच राहिला. सैन्यासाठी काम केलं, लग्न केलं, १९०२ मध्ये ॲरिझोनात वारला. क्वार्ट्झसाइट गावात त्याच्या कबरीवर १९३५ मध्ये दगडी पिरॅमिड बांधला गेला, वर धातूचा उंट. या उंटांच्या पलटणीवर हॉलिवुडनं १९७६ मध्ये एक विनोदी चित्रपट काढला.

उलट ‘हिडाल्गो’ (२००४) पाहा. खरी गोष्ट म्हणून विकलेला चित्रपट: फ्रँक हॉपकिन्स नावाचा काउबॉय अरबस्तानात जाऊन तीन हजार मैलांची घोडदौड जिंकतो, सोबतीला शेख म्हणून ओमर शरीफ. अशी शर्यत झाल्याचा भक्कम पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. जे काही आहे ते हॉपकिन्सच्या स्वतःच्या तोंडचं. खरा हाजी अली विनोदापुरता आणि अरबस्तानातली न झालेली शर्यत खरी. ओमर शरीफसाठी मी तो दोनदा पाहिला, हा भाग वेगळा.

काळ्या लोकांचंही तसंच झालं. काउबॉयपैकी साधारण चौथा हिस्सा काळ्यांचा होता असा अंदाज अनेकदा दिला जातो, आणि गुलामीत जन्मलेला बॅस रीव्ह्ज १८७५ पासून पुढे तीसेक वर्षं सरकारी मार्शलच्या हाताखाली गुन्हेगार पकडत होता. ‘द हार्डर दे फॉल’ (२०२१) मध्ये ही नावं एकदाची पडद्यावर आली. चित्रपट मला फार भडक वाटला, पण नावं आली.

शेवटी मार्टिन स्कोर्सेसीचा ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ (२०२३). साडेतीन तासांचा, धीम्या गतीचा, दहा नामांकनं आणि शून्य ऑस्कर. डेव्हिड ग्रॅन यांच्या २०१७ च्या पुस्तकावर आधारलेला.

ओसेज जमातीला कॅन्ससमधून हुसकल्यावर तिनं ओक्लाहोमात खडकाळ, कुणाला नको असलेली जमीन विकत घेतली. १९०६ मध्ये जमिनीचे तुकडे वाटले गेले, पण जमिनीखालच्या खनिजांचा हक्क त्यांनी शहाणपणानं सामाईक ठेवला. त्याचे वाटे केले २,२२९. आणि खाली निघालं तेल. १९२० च्या दशकात ओसेज माणसं श्रीमंत झाली, गाड्यांतून फिरू लागली. मग १९२१ चा कायदा आला: निम्मं किंवा अधिक ओसेज रक्त असलेल्या माणसाला स्वतःचा पैसा स्वतः खर्चता येणार नाही, तो ‘अक्षम’, त्याला गोरा पालक हवा. चित्रपटात मॉली आपल्याच पैशासाठी पालकासमोर बसते तेव्हा आपलं नाव सांगते आणि लागलीच, सवयीनं, ‘अक्षम’ असंही सांगते. लिली ग्लॅडस्टोननं ते इतक्या सपाट आवाजात म्हटलं आहे की मी तिथं चित्रपट थांबवून उठलो होतो.

हे वाटे विकता येत नव्हते, पण वारसानं मिळत. सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी काय काय होतं हे ज्यानं तलाठ्याच्या कचेरीबाहेर ऐकलं आहे, त्याला पुढचं सांगायला नको. ओसेज बायकांशी लग्नं झाली, आणि मग माणसं मरू लागली. मॉलीची बहीण ॲना १९२१ मध्ये गोळी घालून मारली गेली; दुसऱ्या बहिणीचं घर १९२३ मध्ये स्फोटकांनी उडवलं. मॉली मधुमेही, आणि तिला मिळणारं औषधही विषारी. सूत्रधार विल्यम हेल, ‘ओसेजांचा मित्र’, त्यांची भाषा बोलणारा. हाताखाली त्याचा भाचा अर्नेस्ट. हा अर्नेस्ट मॉलीचा नवरा.

मूळ बेत असा होता की लिओनार्दो डिकॅप्रिओ तपास अधिकाऱ्याचं काम करणार. म्हणजे पुन्हा एक चांगला गोरा माणूस येऊन न्याय देणार. मग पटकथा बदलली आणि तो अर्नेस्ट झाला: बायकोवर प्रेमही करणारा आणि तिला विषही देणारा. एवढ्या एका बदलानं वेस्टर्नचा सगळा जुना साचा मोडला. इथं कुणी बाहेरून हल्ला करत नाही. खुनी जेवायला घरातच बसलेला आहे, डॉक्टर त्याचा, बँक त्याची. हेलला १९२९ मध्ये जन्मठेप झाली आणि १९४७ मध्ये तो सुटला.

चित्रपटाचा शेवट एका जुन्या रेडिओ कार्यक्रमाच्या स्टुडिओत होतो, जिथं हे खून लोकांच्या करमणुकीसाठी आवाज काढून सादर केले जात आहेत. बफेलो बिलचा तंबू पुन्हा आठवतो. तिथं स्कोर्सेसी स्वतः माइकसमोर येतो आणि मॉलीच्या मृत्यूची छापून आलेली बातमी वाचतो. त्यात खुनांचा उल्लेख नव्हता, हेही तो सांगतो. म्हातारा दिग्दर्शक स्वतःलाही त्या तमाशाच्या रांगेत उभा करतो. मला तो प्रसंग प्रामाणिक वाटला. तरी चित्रपटासाठी ओसेज भाषा शिकवणाऱ्यांपैकी एकानं उद्घाटनाच्या वेळीच मोकळेपणी सांगितलं होतं की ही गोष्ट मॉलीच्या नजरेतून यायला हवी होती, आणि ती तशी सांगायला ओसेज माणूसच लागेल. स्कोर्सेसीनं तिला बोलू दिलं, पण कॅमेरा अर्नेस्टच्या खांद्यावरच राहिला. हा आक्षेप मला पूर्ण पटतो, आणि चित्रपट माझ्या आवडत्यांत राहतोच.

१९२५ मध्ये कायदा बदलला: निम्मं किंवा अधिक ओसेज रक्त असलेल्या माणसाचा वाटा आता ओसेज नसलेल्याला वारसानं मिळणार नव्हता. तोवर गेले ते गेले. त्या २,२२९ वाट्यांपैकी काही आजही ओसेज नसलेल्या माणसांच्या आणि संस्थांच्या नावावर आहेत, आणि ते परत मिळावेत यासाठी जमातीचा पाठपुरावा चालू आहे.